चतुर्थीच्या आधी भावाची दारू सोडवायचीय, चहातून पावडर देऊ का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी ताई मूळची मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावची, लग्नानंतर नालासोपाऱ्याला राहते, नोकरी करते. गावी आई आणि मोठा भाऊ, वय ४१, ट्रॉलरवर खलाशी. आधी बोटीवरून आला की प्यायचा, गेली काही वर्षं रोज पितो, आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तर सकाळपासूनच. ताई लिहिते, "सकाळी आई चहा देते तर बशीत कप वाजत राहतो, चपटी पोटात गेली की हात एकदम सरळ." वहिनी मुलीला घेऊन वेंगुर्ल्याला माहेरी गेलीये. भाऊ हात उचलत नाही, शिव्या देत नाही, पितो आणि झोपतो, म्हणून आईचं म्हणणं, "माझो झील वायट नाय गो, संगत वायट आसा." मागच्या चतुर्थीला आरती चालू असताना तो सगळ्यांसमोर पडला. यंदा तसं नको म्हणून मामा आणि आईने ठरवलंय की आठ दिवस आधी त्याला माळ्यावरच्या खोलीत बंद करायचं आणि ऑनलाइन मागवलेली 'दारू सोडवायची' पावडर चहातून गुपचूप द्यायची. पावडरचे पैसे ताईनेच भरलेत, पार्सल घरी पोचलंय. ती विचारते, हे बरोबर आहे ना? तो सुधारला की वहिनीला आणायला मी स्वतः जाऊ का? आणि १९ वर्षांचा चुलतभाऊ आता त्याच्याबरोबर बसायला लागलाय, त्याचं काय करायचं?

ताई, बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल, आधी आईला फोन लावा आणि सांगा की ती पावडर चहात टाकायची नाही आणि खोलीला कडी लावायची नाही. तुमच्या घरच्यांचा हेतू चांगला आहे हे मला पत्रातून दिसतंय, मामांचाही दिसतोय. पण या दोन गोष्टींपैकी कुठल्याही एकीने तुमच्या भावाचा जीव जाऊ शकतो आणि दोन्ही एकदम केल्या तर फारच धोका आहे. का ते सांगते.

आधी त्या कपबशीबद्दल. तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण तुमच्या अख्ख्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. सकाळी हात थरथरतात आणि दारू पोटात गेली की थांबतात, याचा अर्थ आता त्याचं शरीर दारूवर चालतंय. दारू मेंदूला सुस्त करते. रोज भरपूर दारू मिळत राहिली की मेंदू त्या सुस्तीच्या विरुद्ध जोर लावून काम करायला शिकतो, महिनोन् महिने तसंच चालतं, आणि मग एक दिवस दारू एकदम बंद झाली की सुस्ती जाते पण तो जोर तसाच राहतो. मग हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते, उलट्या होतात, झोप लागत नाही. शेवटची दारू पोटात गेल्यावर सहा-आठ तासांत हे सुरू होतं, म्हणजे रात्री पिऊन झोपलेल्या माणसाला सकाळच्या चहालाच. तो सकाळी मजेसाठी पीत नाहीये ताई, ती थरथर थांबवायला पितोय.

आता अशा माणसाला खोलीत बंद केलं तर काय होईल? पहिल्या एक-दोन दिवसांत त्याला फिट येऊ शकते, आधी आयुष्यात कधी आली नसली तरी. माळ्यावर एकटा, दार बाहेरून बंद, आणि आई खाली. हे झालं नाही तरी दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांची अवस्था आणखी बिघडते, त्याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. माणूस भ्रमात जातो, कुठे आहे ते कळत नाही, भिंतीवर किडे-मुंग्या दिसतात, कोणीतरी मारायला आलंय असं वाटतं, अंगात ताप, बीपी वरखाली. उपचार नाही मिळाले तर यात माणसं दगावतात. आणि आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते मला माहीत आहे, तुम्हालाही असेल. तिन्हीसांजेला माणूस कोपऱ्याकडे बघून ओरडायला लागला की घरात कोणीतरी म्हणणारच की याने कायतरी बघितलंन, बाधा झालीये, आणि हॉस्पिटलला न्यायचे ते तास नारळ उतरवण्यात आणि भगताकडे जाण्यात जातात. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर जरूर घाला, पण १०८ ची गाडी बोलावल्यावर घाला.

रोज पिणाऱ्या माणसाची दारू घरी अचानक बंद करायची नसते. हे मी मुद्दाम ठळक सांगतेय कारण हे पत्र तुमचं असलं तरी असं 'आठ दिवस कोंडून ठेवा, आपोआप सुटेल' गावोगाव सांगितलं जातं, आणि एखाद्याला काही झालं नाही की त्याचंच उदाहरण पुढची दहा वर्षं दिलं जातं.

आणि पावडर. अशा पावडरींच्या पाकिटात नेमकं काय आहे हे तुम्हाला किंवा मला कळायला मार्ग नाही, 'शंभर टक्के आयुर्वेदिक, पिणाऱ्याला कळणारही नाही' एवढंच ठळक लिहिलेलं असतं. डॉक्टरांकडे एक खरं औषध आहे, डायसल्फिरम नावाचं. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर शरीरात दारूचं पचन अर्ध्यावर अडकतं, विषारी पदार्थ साठतो, तोंड लालबुंद होतं, डोकं ठणकतं, उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली येतं, आणि जास्त झालं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणूनच डॉक्टर ते देताना आधी लिव्हरच्या टेस्ट करतात, हृदयाचा त्रास आहे का विचारतात, निदान बारा तास दारू पोटात नाही हे बघतात, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे घेणाऱ्याला समजावून सांगून, त्याच्या होकाराने देतात. त्याला माहीत असतं की आपण प्यायलो तर काय होईल, म्हणून तो पीत नाही, औषधाचा उपयोगच तो आहे. गुपचूप दिलं तर त्याला माहीतच नाही, तो पिणार, आणि जे व्हायला नको तेच होणार. औषध बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. काही लोक हीच गोळी कुटून पुड्या बांधून विकतात. तुमच्या पार्सलात ती आहे की नुसता कसला पाला आहे, दोन्ही शक्यता वाईटच. पार्सल फेकू नका, पाकीट तसंच ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा, आणि चुकून एखादा डोस आधीच गेला असेल तर तेही सांगा, लाजू नका.

पैसे तुम्ही भरले म्हणून वाईट वाटून घेऊ नका. लांबून, रात्री अकरा वाजता मोबाईलवर माणूस जे सापडेल ते करतो.

आता मला तुमच्या पत्रातल्या बाकीच्या गोष्टींबद्दल बोलायचंय, कारण पावडर थांबवली तरी मूळ प्रश्न आहेच. पत्र मी परत परत वाचलं आणि मला एक गोष्ट जाणवत राहिली की तुमच्या घरात या दारूबद्दल सगळं काही लपूनछपून चाललंय. त्याला न सांगता पावडर, त्याला न विचारता खोलीचा बेत, मुंबईच्या पाव्हण्यांपासून लपवायचं, वहिनी का गेली हे वाडीत 'तिची आई आजारी आहे' म्हणून सांगितलंय. एवढ्या वर्षांत त्याच्याशी समोर बसून, तो शुद्धीत असताना, कोणी एकदा तरी 'तुला काय होतंय' विचारलंय का? पत्रात मला ते कुठे दिसलं नाही. विचारलं असेल तर उत्तमच, पण बहुतेक घरांमध्ये दोनच गोष्टी होतात, एकतर तो प्यायलेला असताना भांडण किंवा तो न प्यायलेला असताना 'आता बरा आहे तर विषय नको'. आजारी माणसाला वगळून त्याच्या आजारावर इलाज होत नाही.

आजार म्हणते कारण तो आजारच आहे. "हात उचलत नाही, शांतपणे पितो" हे तुम्ही दिलासा म्हणून लिहिलंय, आणि वहिनीच्या दृष्टीने ते खरंच महत्त्वाचं आहे. पण लिव्हरला शांत आणि भांडखोर असा फरक कळत नाही. उलट शांतपणे पिणाऱ्यांकडे घरचे उशिरा बघतात, कावीळ झाली, पोटात पाणी झालं, रक्ताची उलटी झाली की मग धावपळ. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली होती, २०१९ साली त्याचा अहवाल आला. त्यानुसार देशात १० ते ७५ वयाचे साधारण १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या साडेपाच कोटींहून जास्त लोकांचं पिणं मदत लागण्याइतकं पुढे गेलंय. आणि दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसला ना कसला उपचार मिळालाय. बाकीच्यांच्या घरी असंच चाललंय, चहा-पावडर, शपथा, गंडेदोरे. म्हणजे 'आमच्याच घरात हे का' असं वाटत असेल तर, ताई, तुमच्या वाडीतल्या किती घरांत दार लोटून हेच चाललंय ते तुम्हाला कोणी सांगणार नाही एवढंच.

आईंचं "संगत वायट आसा" मी खोडून काढणार नाही. त्यात तथ्य आहे. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दारू हाताला लागणं सोपं आहे, गोव्यात कर कमी असल्यामुळे स्वस्त मिळते, गोवा बनावटीची दारू पकडल्याची बातमी पेपरात कायम असते, पकडली जाते त्याच्या कितीतरी पट सुटत असणार. उन्हाळ्यात काजूचा हंगाम आला की हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडाची दारू. बोटीवरून उतरलं की अंग दुखतंय म्हणून थोडी, पैसे वाटप झालं म्हणून थोडी, बंदीत काम नाही म्हणून थोडी. पण तुमचा भाऊ सकाळी साडेसातला कोणाबरोबर पितो? एकटाच ना? तिथे कुठली संगत नाही. संगतीने सुरुवात झाली असेल, आता संगत तोडून भागणार नाही. मित्रांना शिव्या घालून आई मोकळी होते आणि खरी गोष्ट करायची राहून जाते.

बोटीचा विषय निघाला म्हणून, थंडी-वाऱ्यात थोडी घेतलेली बरी असते असं खलाशी म्हणतात, त्याने खरंतर उलटं होतं. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, ऊब वाटते, पण अंगातली उष्णता भराभर बाहेर जाते, आणि तोल गेलेला असतो ते वेगळंच. तुमच्या भावाच्या बाबतीत याहून मोठी भीती मला वेगळी वाटते. १ ऑगस्टपासून बोटी परत पाण्यात जातात. चार-पाच दिवसांच्या फेरीत त्याच्याकडची दारू दुसऱ्या दिवशी संपली, तर फिट यायची ती भर समुद्रात येईल, बोटीच्या काठाशी जाळं ओढताना येईल. म्हणून उपचार झाल्याशिवाय त्याला फेरीवर पाठवू नका. मालकाची उचल अंगावर असेल, तो तगादा लावेल, तरी तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या प्रमुखाशी, तुम्ही किंवा मामांनी स्पष्ट बोलावं की माणूस आजारी आहे. मामांना काहीतरी करायची एवढी तळमळ आहे ना, मग त्यांना हे काम द्या, कडी लावण्यापेक्षा हे कठीण आहे आणि जास्त उपयोगाचं आहे.

मग करायचं काय?

त्याच्याशी बोला. फोनवर नको, समोर. सकाळी उठल्याउठल्या तो थरथरत असतो तेव्हा नको, संध्याकाळी चढलेली असते तेव्हाही नको, मधली एखादी वेळ मिळते ती आईला बरोबर माहीत असेल. तुम्ही एकट्या बोला किंवा तुम्ही आणि आई, पाच-सहा जण गोल करून बसलात तर तो उठून जाईल. 'तू आमचं वाटोळं केलंस' पासून सुरुवात करू नका, जे डोळ्यांनी बघितलं ते सांगा. सकाळी तुझा कप वाजतो. जाळं दुरुस्त करताना सुई हातातून सुटते. जेवण निम्मं झालंय. मला भीती वाटते. आणि मग गप्प बसून त्याला बोलू द्या, हे फार अवघड असतं पण करा. बहुतेक पिणारे 'दारूसाठी डॉक्टरकडे चल' म्हटलं की भडकतात पण 'ही थरथर दाखवून येऊ, झोप लागत नाही ती दाखवू' म्हटलं की तयार होतात. त्यात फसवाफसवी नाही, थरथर हा त्याच आजाराचा भाग आहे, आणि डॉक्टरांसमोर तो स्वतःच सांगेल किती पितो ते. डॉक्टर साधे प्रश्न विचारतात, कमी करावीशी वाटली का कधी, कोणी त्यावरून बोललं की चीड येते का, प्यायल्याबद्दल मनात खंत वाटते का, सकाळी उठल्याउठल्या लागते का. हे चार प्रश्न हे उत्तर वाचणाऱ्या कोणीही स्वतःला विचारून बघावेत, दोनांना हो आलं तर डॉक्टरांशी बोलायला हरकत नाही.

कुठे जायचं? ओरोसला जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, कुठल्या वारी बसतात ते आधी फोन करून विचारा, मालवणहून गाडी करून जाऊन 'साहेब आज नाहीत' ऐकावं लागलं तर तो पुढच्या वेळी येणारच नाही. कणकवली आणि सावंतवाडीची उपजिल्हा रुग्णालयंही जवळ आहेत, तिथे विचारा. रत्नागिरीला सरकारचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नाव ऐकून घाबरू नका, 'वेड्यांचं हॉस्पिटल' म्हणून आपल्याकडे त्याची जी भीती घातलीये ती काढून टाका, दारूवरचे उपचार हे मानसोपचाराच्याच डॉक्टरांचं काम आहे. आणि काहीच सुचत नसेल तर १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा टोल-फ्री नंबर आहे, १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, तिथे मराठीत बोलता येतं. हे फोन पिणाऱ्यानेच करायला हवेत असं नाही, तुम्ही नालासोपाऱ्याहून करू शकता, आजच करा.

उपचार म्हणजे काय होतं ते आईला समजावून सांगा, तिला वाटत असेल शॉक देतात. पहिले पाच-सात दिवस, गरज असेल तर दाखल करून, थरथर आणि फिट येऊ नये म्हणून गोळ्या देतात आणि रोज कमी करत जातात. व्हिटॅमिन बी-१ ची इंजेक्शनं देतात, कारण फार पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेलं नसतं आणि त्याअभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून एक लक्षात ठेवा, 'अशक्तपणा आलाय, एक ग्लुकोजची बाटली लावा' असं गावातल्या दवाखान्यात आपणच सांगतो, तसं करताना आधी डॉक्टरांना सांगा की हा रोज पितो, बी-१ आधी द्यावं लागतं. या आठवड्यानंतर शरीर शांत होतं. तिथे दारू 'सुटली' असं समजून लोक घरी येतात आणि महिन्याभरात परत सुरू होते, कारण खरा उपचार त्यानंतर आहे. ओढ कमी करणारी औषधं आहेत, समुपदेशन आहे, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंग आहेत. एए भारतात १९५७ पासून आहे, फी नाही, तिथे सगळे पिऊन सोडलेलेच असतात म्हणून खलाशी असो की मास्तर, कोणाला लाज वाटत नाही. घरच्यांसाठी त्यांच्यासारखाच अल-अ‍ॅनॉन नावाचा गट असतो, मुंबईत त्यांच्या मीटिंग होतात, तुम्ही स्वतः एकदा जाऊन बसा. भावासाठी म्हणून जाऊ नका, तुमच्यासाठी जा.

केंद्रात ठेवायची वेळ आली तर नीट बघून ठेवा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलं, तिथे घरच्यांनाही उपचारात धरतात, चांगल्या कामाचा अंदाज यावा म्हणून हे नाव सांगतेय. पण 'रात्री येऊन उचलून नेतो, तीन महिने भेटायचं नाही' म्हणणाऱ्यांच्या नादाला लागू नका. कोणतंही केंद्र असो, विचारा की नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, भेटू देता का, मारहाण-साखळदंड असलं काही असेल तर पाठ फिरवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जचं व्यसनही येतं, माणसाच्या मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर त्याला अटी आहेत, डॉक्टरांनी तपासावं लागतं, नुसत्या नातेवाईकांच्या सहीवर उचलून नेता येत नाही. माळ्यावरची खोली तर सोडाच.

तो 'नाही' म्हणाला तर? बहुतेक पहिल्यांदा नाहीच म्हणेल. मग आपल्या हातात जे आहे ते आपण बदलायचं. तुम्ही दर महिन्याला त्याच्या नंबरवर पैसे टाकता असं लिहिलंय, ते बंद करा, आईच्या खात्यात टाका, लाईटबिल तुम्हीच भरा, किराणावाल्याला थेट द्या. तो पडला की आई उचलून आणते, कपडे बदलते, मालकाला 'ताप आलाय' सांगते. जिवाला धोका असेल तिथे उचलायचंच, पाऊस असेल, रस्ता असेल, तोंडावर पालथा पडला असेल तर कुशीवर वळवायचंच. पण खोटं बोलणं थांबवायचं. 'तो प्यायलाय म्हणून नाही आला', एवढं वाक्य मालकाला सांगायला आईला जड जाईल, मला कळतं. वर्षभर असं खोटं बोलून आपणच त्याला न थांबायला जागा करून दिलेली असते. आणि तो कधीही, रात्री-अपरात्री, 'चला जाऊ' म्हणाला तर त्याच दिवशी निघायची तयारी ठेवा, गाडीवाला ठरवून ठेवा, केसपेपरचे पैसे बाजूला ठेवा. असा होकार फार वेळ टिकत नाही.

वहिनीबद्दल. तिला आणायला जाऊ नका. बायको आली की सुधारेल, मुलीचं तोंड बघितलं की सुधारेल, हे आपल्याकडे इतकं बोललं जातं की बाईलाच औषधाची गोळी करून ठेवलीये. ती असताना तो पीत होताच ना? मग ती परत आल्याने का थांबावा? ती मुलीला घेऊन गेली ते शहाणपणाचं केलं. तिला फोन जरूर करा, पण 'कधी येतेस' विचारायला नको, तिला आणि मुलीला काय हवंय ते विचारायला करा. मुलीच्या शाळेच्या फीला हातभार लावता येत असेल तर लावा. आणि वाडीत तिच्या नावाने जे खोटं सांगितलंय ते आईने हळूहळू मागे घ्यावं, वहिनीवर अन्याय होतोय. तो सहा महिने-वर्षभर सावरला तर यायचं की नाही ते तिचं ती ठरवेल.

चुलतभावाला ओरडून काही होणार नाही, पण त्याला मोकळंही सोडू नका. महाराष्ट्रात बियर प्यायलासुद्धा २१ वर्षं पूर्ण लागतात आणि कडक दारूला २५, तो यातल्या कशातच बसत नाही. त्याच्या वयात दादाच्या शेजारी बसून पिणं म्हणजे मोठं झाल्यासारखं वाटतं. त्याला सकाळी घरी बोलवा आणि दादाचा चहा त्याच्या हाताने द्यायला लावा, बाकी काही बोलू नका. आणि फक्त दारूच आहे का तेही प्रेमाने विचारा, गांजा आता किनाऱ्यावरच्या गावांतही पोरांच्या हाताला लागायला लागलाय. तसं काही असेल तर पोलिसांच्या भीतीने लपवून ठेवू नका. १९८५ च्या अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्यातच तरतूद आहे की थोड्या प्रमाणात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्य केंद्रात उपचार पूर्ण करायला तयार झाला तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते.

राहता राहिली चतुर्थी. आई म्हणते तसं "लोक काय म्हणतले" हाच सगळ्या घाईचा मुद्दा आहे. मला विचाराल तर त्या तारखेचा आणि त्याच्या उपचाराचा संबंध तोडा. तो तेव्हा हॉस्पिटलमध्ये असेल तर असू दे, पूजेला मामा बसतील, पाच दिवसांचा गणपती यंदा दीड दिवसाचा केला तरी देव रागावणार नाही. विचारणाऱ्याला सांगा, दारूच्या आजारासाठी दाखल केलाय. चार लोक चार दिवस बोलतील, आणि त्यातला एखादा मागच्या दारी येऊन हळूच विचारेल की कुठल्या डॉक्टरला दाखवलंत. आणि तो उपचार घेऊन घरी आलेला असेल तर यंदा भजनाच्या रात्री मागच्या पडवीत कोणाचीही बाटली उघडायची नाही हे मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाला आधीच फोन करून सांगा, तुमच्या मिस्टरांनाही. एका माणसाने सोडायची आणि बाकीच्यांनी त्याच्या घरात बसून प्यायची असं चालत नाही. सोडल्यावर परत एकदा प्यायला तर सगळं संपलं असं धरू नका, या आजारात तसं होतं, फक्त परत रोजची सुरू व्हायच्या आत डॉक्टरांकडे न्या. शिमगा, जत्रा, पुढच्या वर्षीची बंदी, या दिवसांत जास्त लक्ष ठेवा.

तुम्ही चतुर्थीला आठ दिवसांची रजा टाकलीये असं लिहिलंय. जमत असेल तर त्यातले चार दिवस आत्ताच घ्या आणि ओरोसला डॉक्टर बसतात त्याच्या आदल्या दिवशी गावी पोचा. दाखल केलं तर पहिल्या रात्री आईला एकटीला त्याच्याजवळ बसवू नका, तुम्ही किंवा मामा थांबा. जाताना आधार कार्ड, रेशन कार्ड, आधीचे काही रिपोर्ट असतील तर ते, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि ती पावडर एका पिशवीत घाला. आणि त्या सकाळी निघेपर्यंत, डॉक्टरांच्या हातात देईपर्यंत, त्याची दारू अचानक तोडू नका. ओरोसला पोचायच्या आधीच फिट आली, बडबड सुरू झाली, रक्ताची उलटी झाली किंवा हाक मारून उठेना, तर ओपीडीच्या वाराची वाट न बघता १०८.